एंजिनाचे कान आणि नाक
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने एंजिनावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्याचे घर चिंचवडला आहे आणि ज्याच्या आळीतली निम्मी माणसे सकाळी डबा घेऊन आकुर्डी, भोसरी नाही तर चाकणच्या बसमध्ये चढतात, त्याला एंजिनापासून लांब राहता येत नाही. अर्थशास्त्राच्या तासाला आपण औद्योगिकीकरण, पेटंट, पर्यावरणाची किंमत असे शब्द लिहून घेतो. हे सर्व शब्द चार इंच व्यासाच्या आतल्या एका पोकळीत, पेट्रोल जळते त्या जागी, एकत्र आलेले दिसतात. म्हणून हा अभ्यास मी हाती घेतला. शास्त्र शाखेच्या मित्रांना पुढील काही परिच्छेद बाळबोध वाटतील. त्यांनी ते ओलांडून पुढे जावे.

पेट्रोल एंजिनाचे काम चार धावांत होते, हे शाळेत आपण पाठ केले आहे. दट्ट्या खाली जाताना हवा व पेट्रोल आत येते, वर येताना ते मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते, मिश्रण जळून दट्ट्याला खाली ढकलते आणि चौथ्या धावेत धूर बाहेर जातो. पाठ करताना राहून जातो तो मुद्दा प्रमाणाचा. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली तर अर्धवट जळलेला कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो आणि पेट्रोल वाया जाते. हवा जास्त झाली तर ज्योत मंद चालते, गाडी अडखळते, एंजिन तापते. म्हणजे सारा संसार या एका प्रमाणावर उभा आहे, आणि ते प्रमाण सेकंदात पन्नास वेळा साधायचे आहे.

पन्नास हा आकडा मी सहज लिहिलेला नाही. मोटारसायकलचे एंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले. दोन फेऱ्यांत एक ठिणगी, म्हणजे सेकंदाला ५० ठिणग्या. एका फेऱ्याला एक शतांश सेकंद लागतो, आणि फेऱ्याच्या ३६० अंशांपैकी एक अंश जायला सुमारे २८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी अठ्ठावीस. ठिणगी चार-पाच अंश इकडेतिकडे झाली तरी एंजिनाला ते जाणवते. हे वाचून डोळे फिरतील, पण आपल्या आळीतले मिस्त्री कित्येक वर्षे हे काम कानाने आणि स्क्रू-ड्रायव्हरने करत आले आहेत.

त्यांचे साधन कार्बोरेटर. फ्लिटच्या पंपात जोराची हवा नळीच्या तोंडावरून गेली की खालचे औषध वर ओढले जाऊन त्याचा फवारा होतो. कार्बोरेटरचे तत्त्व तेच. हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते, तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल उडते. यंत्र साधे, स्वस्त, आणि विजेवाचून चालणारे. त्याची खोट एवढीच की त्याला हवेचे वजन कळत नाही. महाबळेश्वरला हवा विरळ असते, डिसेंबरच्या पहाटे ती दाट असते, पण जेटचे भोक तेवढेच राहते. शिवाय आपण काय जाळले आणि ते कसे जळले, याची वार्ता कार्बोरेटरकडे परत येण्याची सोयच नाही.

ती वार्ता आणणारा माणूस म्हणजे गॅरेजवाला. आमच्या चिंचवड स्टेशनाकडच्या एका मिस्त्रींकडे मी या लेखासाठी पाच-सहा संध्याकाळी बसलो. त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी मला प्लग वाचायला शिकवले. काढलेल्या स्पार्क प्लगचे टोक काजळीने काळे झाले असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरे फटक असेल तर कमी. बिस्किटासारखा रंग आला की जुळले. एअर स्क्रू पाव फेरा फिरवायचा, स्लो ऐकायचा, पुन्हा फिरवायचा. मी विचारले, "मामा, किती फिरवायचा ते कळतं कसं?" ते म्हणाले, "गाडी बोलते की. तू नुसता कान दे."

ही अतिशयोक्ती नाही. अभियंत्याच्या भाषेत सांगायचे तर मामा स्वतःच त्या यंत्राचे संवेदक आहेत. कान ज्वलनाची लय मोजतो, नाक न जळलेले पेट्रोल ओळखते, डोळा प्लगचा रंग पाहतो आणि हात त्यानुसार मिश्रण बदलतो. फरक इतकाच की ही दुरुस्ती तीन महिन्यांतून एकदा होते.

आता ठिणगीकडे वळू. मिश्रण एका क्षणात भडकत नाही, ज्योत प्लगपासून निघून भिंतीपर्यंत चालत जाते. याला थोडा वेळ लागतो म्हणून दट्ट्या अगदी वर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी टाकावी लागते. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी. (वेगाबरोबर आतली घुसळण वाढते आणि ज्योतही जलद चालते, ही निसर्गाची कृपाच म्हणायची, नाहीतर एंजिनाचे फेरे फार वाढवताच आले नसते.) जुन्या स्कूटरमध्ये हे काम पॉइंट करत. दोन धातूंचे तुकडे उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवत, झिजत, आणि पावसाळ्यात मालकाला रस्त्यावर उभे करत. पुढे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले. चुंबक फिरताना मिळणाऱ्या संकेतावरून ठिणगी टाकली जाऊ लागली, आणि नंतर त्यात लहानसा संगणकच बसला. तो फेऱ्यांचा वेग आणि थ्रॉटल किती उघडला आहे हे पाहून तक्त्यातून ठिणगीची वेळ काढतो.

याच टप्प्यावर आपल्या परिसराचे नाव देशभर झाले. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००१ साली पल्सर बाजारात आणली आणि २००३ साली तिला एकाऐवजी दोन प्लग दिले. डी.टी.एस.-आय. या अक्षरांचा अर्थ तेव्हा फारसा कोणाला माहीत नव्हता, पण ती टाकीवर झळकत होती. कल्पना सोपी आहे. दालनाच्या दोन टोकांना दिवे लावले तर उजेड लवकर पसरतो, तशा दोन बाजूंनी ज्योती निघाल्या की प्रत्येकीला निम्मेच अंतर जावे लागते. ज्वलन लवकर पुरे होते, त्यामुळे थोडे कमी पेट्रोल असलेले मिश्रणही नीट जळते.

दोन प्लग ही कल्पना जगात नवी नव्हती. विमानांच्या एंजिनांत ती फार पूर्वीपासून होती. मग पेटंट कशाचे? बजाजने २००२ साली अर्ज केला आणि २००५ साली १९५९०४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यातला दावा लहान एंजिनापुरता आहे, म्हणजे सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर. २००७ साली चेन्नईच्या टी.व्ही.एस. कंपनीने फ्लेम ही दोन प्लगची १२५ सी.सी. गाडी जाहीर केली तेव्हा भांडण मद्रास उच्च न्यायालयात गेले. टी.व्ही.एस.चे म्हणणे असे की आमच्या एंजिनात तीन झडपा आहेत, रचना वेगळी आहे, आणि दोन प्लग तर होंडाच्या जुन्या पेटंटातही आहेत. फेब्रुवारी २००८ मध्ये एका न्यायाधीशांनी मनाई दिली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. १६ सप्टेंबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने टी.व्ही.एस.ला हिशेब ठेवून विक्रीची मुभा दिली आणि अशा खटल्यांत मूळ प्रश्न बाजूला राहून वर्षानुवर्षे तात्पुरत्या मनाईवरच वाद चालतो याबद्दल नाराजी नोंदवली. शेवटी २०१९ साली दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात बरेच आहे. एका प्लगाच्या जागेसाठी बारा वर्षे, आणि निकाल असा लागलाच नाही.

पण प्लग दोन झाले तरी एंजिन अजून आंधळेच होते. त्याला डोळे, कान, नाक मिळायचे होते.

कान म्हणजे नॉक संवेदक. बोरघाटात गाडी वरच्या गिअरमध्येच चढवली की एंजिनातून खडखड येते. दुचाकीवाले त्याला नॉकिंग म्हणतात. प्लगपासून निघालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटते, दाबाची लाट भिंतीवर आदळते आणि सिलिंडर घंटेसारखा वाजतो. मोटारगाडीच्या साधारण आकाराच्या सिलिंडरमध्ये ही कंपने सेकंदाला सहा-सात हजार असतात. संवेदकात असा स्फटिक असतो की तो दाबला गेला की वीज निर्माण होते. हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधला. एंजिनाच्या अंगावर बसवलेला हा स्फटिक इतर सगळ्या गोंगाटातून नेमका तो सूर उचलतो. संगणक मग ठिणगी दोन-तीन अंश उशिरा टाकतो, खडखड थांबली की हळूहळू पुन्हा पुढे आणतो. मामांचा कान आणि हा कान यांत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही.

नाकाची गोष्ट अधिक मोठी आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. धुराच्या नळीत झिर्कोनिया नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची एक टोपी असते, शिंप्याच्या बोटातल्या टोपणाएवढी. तिच्या आत बाहेरची स्वच्छ हवा, बाहेरून एंजिनाचा धूर, आणि दोन्ही अंगांवर प्लॅटिनमचा पातळ थर. तापल्यावर ही टोपी प्राणवायूचे विद्युतभारित अणू आरपार जाऊ देते. दोन्ही बाजूंच्या प्राणवायूत तफावत जितकी मोठी तितका विद्युतदाब जास्त. धुरात प्राणवायू शिल्लक असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडले असेल, तर सुमारे ०.१ व्होल्ट. प्राणवायू संपला असेल, म्हणजे पेट्रोल जास्त झाले असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट. मधला बदल एकदम, कड्यावरून पडल्यासारखा होतो. संगणकाला एवढेच पुरते. ०.९ दिसले की पेट्रोल किंचित कमी, ०.१ दिसले की किंचित जास्त. तंबोरा जुळवणारा जसा सुराच्या जरा वर, जरा खाली जात नेमक्या जागी येतो, तसे एंजिन सेकंदाला काही वेळा योग्य प्रमाणाच्या अलीकडे-पलीकडे झुलत राहते. कार्बोरेटरला नसलेली ती परतीची वार्ता ही.

हा संवेदक प्रथम १९७६ साली कॅलिफोर्नियासाठी बनवलेल्या व्होल्व्हो गाड्यांत आला. आपल्याकडे यायला इतका वेळ का लागला, याचे एक कारण पेट्रोलमध्ये होते. नॉकिंग थांबावे म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. शिसे त्या प्लॅटिनमला मारते, आणि नळीत पुढे बसवलेल्या उत्प्रेरकालाही. १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक सक्तीचे झाले तेव्हा तिथे शिसेविरहित पेट्रोल द्यावे लागले, आणि २००० साली देशभर शिसे गेले. त्या उत्प्रेरकाचे वैशिष्ट्य असे की तो कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले पेट्रोल यांना प्राणवायू देतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून काढून घेतो. एकाच वेळी देणे आणि घेणे मिश्रण नेमक्या प्रमाणाजवळ असेल तरच जमते. म्हणून नाकाशिवाय उत्प्रेरक निरुपयोगी.

दुचाकीत हे सर्व आणणे सोपे नव्हते. बजाजने २००७ साली पल्सर २२० मध्ये कार्बोरेटर काढून इंजेक्शन दिले. इंजेक्टर ही विजेने उघडणारी सुई, ती काही हजारांश सेकंद उघडते आणि मोजून पेट्रोल सोडते. गाडीचे कौतुक झाले, पण २००९ साली हीच गाडी पुन्हा कार्बोरेटरवर आली. किंमत उतरली, ताकद उलट किंचित वाढली आणि ग्राहक खूश झाला. तंत्रज्ञान एकदा पुढे गेले की मागे येत नाही असे आपण निबंधात लिहितो, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. ग्राहक स्वतःच्या खिशासाठी गाडी घेतो, शेजाऱ्याच्या फुप्फुसासाठी नाही. ते काम कायद्याला करावे लागले. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे मापदंड लागू झाले, आणि थोड्या स्वस्त गाड्या सोडल्या तर दुचाकींतला कार्बोरेटर गेला.

आता डिझेलकडे येतो, कारण इंद्रिये मिळालेले एंजिन खोटेही बोलू शकते हे डिझेलने दाखवले. डिझेलला ठिणगी लागत नाही, दाबलेल्या गरम हवेत इंधन सोडले की ते पेटते. त्यात हवा नेहमीच जास्त असते, म्हणून वर सांगितलेला उत्प्रेरक नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर चालत नाही. हे ऑक्साइड अति उष्णतेत तयार होतात. ते कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे थोडा धूर पुन्हा आत घेऊन ज्वलन थंड करणे. तसे केले की काजळी वाढते, गाडीचा जोमही थोडा घटतो. किती धूर परत घ्यायचा ते संगणक ठरवतो, म्हणजे ज्याने आज्ञावली लिहिली तो ठरवतो.

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. गाडी प्रयोगशाळेतल्या रुळांवर चालते आहे की रस्त्यावर, हे तिचा संगणक ओळखत होता. परीक्षेत सोज्ज्वळ, रस्त्यावर मोकळा. काही परिस्थितींत मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत ऑक्साइड बाहेर पडत होते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहान गटाने गाडीच्या मागे मोजयंत्र बांधून ती खऱ्या रस्त्यावर चालवली, तेव्हा संशयाला सुरुवात झाली होती. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती.

याचा चाकणशी संबंध आहे. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली चाकणला सुरू झाला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, आणि त्यांत चाकणला तयार झालेल्या पोलो व व्हेंटोही होत्या. तपासणी केली ती पुण्याच्याच ए.आर.ए.आय. या संस्थेने. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था कोथरूडच्या टेकडीवर आहे, आपल्यापैकी कित्येक जण तिच्या कुंपणाकडेने पहाटे फिरायला जातात. (चाकणलाही आता तिचे केंद्र आहे.) तिच्या चाचण्यांत रस्त्यावरचे ऑक्साइड तेव्हाच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाले. कंपनीचे म्हणणे असे की भारतातल्या नियमांचा भंग झालेला नाही, कारण मर्यादा प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी आहे, रस्त्यासाठी नाही, आणि गाड्या आपण स्वेच्छेने परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड सांगितला, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबवली.

कंपनीचा हा युक्तिवाद मला पटत नाही, पण त्यातले सत्य नाकारता येत नाही. तेव्हाचा नियमच तसा लिहिलेला होता. परीक्षेचा अभ्यासक्रम ठरलेला असेल तर हुशार विद्यार्थी तेवढाच अभ्यास करतो, आणि आपण विद्यार्थ्यांनी तरी यावर फार आश्चर्य दाखवू नये. १ एप्रिल २०२३ पासून मोटारींची रस्त्यावरची चाचणीही नियमात आली. फोक्सवॅगनने तोवर, २०२० सालीच, भारतात डिझेल गाड्या देणे बंद केले होते.

मामांपुढचा प्रश्न वेगळा आहे. नव्या दुचाकीत काही बिघडले की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि संगणक बिघाडाचा क्रमांक साठवून ठेवतो. तो वाचायला स्कॅनर लागतो. बाजारात सर्वसाधारण स्कॅनर मिळतो, त्यावर वरवरचे दिसते. आतले पाहायला, नवा भाग बसवल्यावर संगणकाला त्याची ओळख करून द्यायला, अनेकदा कंपनीचेच यंत्र हवे. मामांनी एक स्कॅनर घेतला आहे. ते म्हणतात, "पूर्वी गाडी माझ्याशी बोलायची. आता ती यंत्राशी बोलते, आणि यंत्र मला निम्मंच सांगतं." २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही काढले, आणि त्यात मोटारउद्योग हे एक क्षेत्र धरले. मामांना त्याची माहिती मी दिली. त्यांनी ऐकून घेतले आणि पाना मागितला.

त्यांच्याकडे काम मात्र कमी झालेले नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या रस्त्यावर अजून भरपूर आहेत, आणि नव्यातही इंजेक्टर साफ करणे, संवेदकाची तुटलेली वायर शोधणे ही कामे येतात. त्यांचा पुतण्या आय.टी.आय.ला मेकॅनिक मोटार व्हेईकल शिकतो, त्याला व्होल्टमीटर चालवता येतो. धुरातला संवेदक चांगला की मेलेला हे तो वायरीवरच्या ०.१ आणि ०.९ च्या हेलकाव्यावरून सांगतो. हेलकावा थांबला असेल तर नाक बंद.

जुलै २०२४ मध्ये बजाजने सी.एन.जी.वर चालणारी फ्रीडम ही १२५ सी.सी. मोटारसायकल आणली, आणि मामांच्या दारातल्या चर्चेला नवा विषय मिळाला. टाकीत दोन किलो गॅस आणि दोन लिटर पेट्रोल, हँडलवर एक बटण. गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो, त्याला पेट्रोलपेक्षा जास्त हवा लागते, एका भागाला सुमारे १७, आणि त्याची ज्योतही सावकाश चालते. म्हणजे बटण दाबताच इंधनाचे माप आणि ठिणगीची वेळ दोन्ही बदलली पाहिजेत. कार्बोरेटर आणि पॉइंट यांच्या जमान्यात हे एका बटणावर होणे शक्य नव्हते.

एक गोष्ट सांगायची राहिली. झिर्कोनियाची ती टोपी सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, आणि उत्प्रेरकालाही तेवढीच ऊब लागते. तोवर संगणक नाक बंद ठेवून, साठवलेल्या तक्त्यावरून अंदाजाने पेट्रोल सोडतो, तेही थंड एंजिनासाठी मुद्दाम जास्त. हा काळ एखाद्या मिनिटाचा असतो, पण प्रवासातला सर्वांत घाणेरडा धूर त्याच मिनिटात बाहेर पडतो. थंडीच्या दिवसांत पहाटे, पहिल्या पाळीच्या वेळी, थेरगावपासून मोशीपर्यंतच्या आळ्यांतून हजारो मोटारसायकली एकाच अर्ध्या तासात सुरू होतात. त्या वेळी आमच्या गल्लीत उभे राहून नुसता वास घेतला तरी नव्या आणि जुन्या गाडीतला फरक ओळखू येत नाही. गाड्या निगडीचा पूल ओलांडतात, तोवर नव्यांची नाके उघडलेली असतात.